प्रोसेस सिस्टिम्समध्ये मास्टर्स की पीएचडी? आणि पुढे काम नेमकं कसलं?

तळचा_ट्रे:
केमिकल इंजिनिअरिंगची पदवी हातात येते आहे. प्लांटचं कंट्रोल आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोसेस सिस्टिम्सच्या या दोन्ही बाजूंत रस आहे. ॲस्पेन या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये फ्लोशीट (प्लांटचा प्रवाह-आराखडा) उभी करता येते, पायथन जुजबी. मास्टर्स पुरेल की पीएचडी लागेल? अर्जांना सहा महिने आहेत, तोवर काय करावं? आणि एमपीसीवाली (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे मॉडेलवरून पुढचा अंदाज घेत चालणारं कंट्रोल) माणसं दिवसभर करतात तरी काय?

रिफ्लक्स_ड्रम:
प्लांटजवळ राहायचं असेल (ॲडव्हान्स्ड कंट्रोल, ऑपरेटर ट्रेनिंग सिम्युलेटर, फ्लोशीट सिम्युलेशन) तर मास्टर्स पुरतं. सॉल्व्हर (असे गणिती प्रश्न सोडवणारा प्रोग्राम) लिहिणं, नवे अल्गोरिदम, विद्यापीठातलं संशोधन यांसाठी पीएचडी हवीच. शेड्युलिंग आणि सप्लाय चेन मधोमध येतात. तिथे दोन्ही चालतात.

निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा गटाकडे बघा. गटातून कोणतं सॉफ्टवेअर बाहेर पडलं, यावरून तिथला पिंड कळतो. आयपॉप्ट हा ऑप्टिमायझेशनचा सॉल्व्हर कार्नेगी मेलनमधल्या पीएचडीच्या कामातून निघाला, जीप्रॉम्स हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर इंपीरियल कॉलेजमधून. त्यामुळे पहिल्या ठिकाणी गणिती प्रोग्रामिंगचा आणि दुसऱ्या ठिकाणी डायनॅमिक मॉडेलिंगचा वारसा भक्कम आहे. पीआयडी (प्लांटमधला नेहमीचा साधा कंट्रोलर) ट्यूनिंगचे एसआयएमसी नियम (२००३) प्रा. स्कोगेस्टाड यांचे, म्हणजे नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचे. अख्ख्या प्लांटची कंट्रोल रचना शिकायची तर ते घराणं. गाईडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर चाळा, कोड खुला आहे का बघा आणि आधीचे विद्यार्थी कुठे लागले ते विचारा. हे विचारायला लाजू नका.

स्लॅक_व्हेरिएबल:
सहा महिन्यांत एकच गोष्ट करा: एक बायनरी (दोन घटकांचा) डिस्टिलेशन कॉलम पायोमो या पायथनमधल्या ऑप्टिमायझेशन लायब्ररीत स्वतः समीकरणं लिहून सोडवा. ॲस्पेनमध्ये मॉडेल आयतं मिळतं, ते का अडकलं हे मात्र कळत नाही.

सुरुवातीला सापेक्ष बाष्पशीलता स्थिर धरा, एनर्जी बॅलन्स नंतर जोडा. फीड, दाब आणि ट्रेंची संख्या ठरली की टोटल कंडेन्सरच्या कॉलमला दोनच डिग्रीज ऑफ फ्रीडम (आपण ठरवायच्या राशी) उरतात. आधी त्या दोन्ही, म्हणजे रिफ्लक्स रेशो (वरून परत कॉलममध्ये सोडलेलं द्रव भागिले डिस्टिलेट) आणि डिस्टिलेट (वरून बाहेर काढलेला माल), बांधून चौकोनी प्रश्न (जितकी समीकरणं तितकेच अज्ञात) सोडवा. तो सुटला की त्या मोकळ्या करून ऑप्टिमायझेशन लावा. थेट ऑप्टिमायझेशनवर उडी मारली की आयपॉप्ट ‘इन्फीझिबल’ (सगळ्या अटी पाळणारं उत्तर नाही) म्हणतो. बहुतेक वेळा प्रश्न सुटण्याजोगा असतो, सुरुवातीचा अंदाज भिकार असतो. शुद्धता ०.९५ वर उत्तर मिळवा आणि तेच पुढचा अंदाज म्हणून वापरत पायरीपायरीने ०.९९ गाठा.

दुसरं दुखणं स्केलिंगचं. दाब पास्कलमध्ये, म्हणजे लाखाच्या घरात, आणि मोल फ्रॅक्शन ०.०००१. सगळं १ च्या आसपास आणा. लॉगरिदम असेल तर मोल फ्रॅक्शनला शून्याऐवजी बारीकशी खालची मर्यादा द्या.

मग बायनरी (० किंवा १) व्हेरिएबल्सकडे वळा. बिग-एम मध्ये (एम या मोठ्या आकड्याला बायनरीने गुणून अट चालू-बंद करण्याची युक्ती) एम उगाच दहा लाख ठेवू नका. सॉल्व्हरची पूर्णांकाची सहनशीलता ०.००००१ असेल, तर ‘बंद’ दाखवलेल्या पाइपातून १० युनिट प्रवाह बिनबोभाट जातो! शिवाय रिलॅक्सेशन (० ते १ मधला कोणताही आकडा चालवून घेणारा सोपा प्रश्न) सैल पडतं आणि शोध रेंगाळतो.

कंट्रोलसाठी टेनेसी ईस्टमन (१९९३) हा सरावाचा नमुना-प्लांट घ्या: ४१ मापनं, १२ हाताळता येणारे इनपुट, कंट्रोलविना अस्थिर, आणि रिॲक्टरचा दाब ३००० किलोपास्कलला गेला की ट्रिप (प्लांट आपोआप बंद). तो चालता ठेवलात तर अर्जात लिहायला ठोस काहीतरी असेल.

स्टेप_टेस्ट:
एमपीसीचं विचारलंत म्हणून. निम्मा वेळ एमपीसीवर जातच नाही, खालच्या पीआयडीवर जातो. चिकटणारा व्हॉल्व्ह आधी शोधा: लूप ऑटोत हेलकावे खातो, मॅन्युअलमध्ये टाकला की हेलकावे थांबतात. ट्यूनिंग बदलून हा रोग जात नाही, पोझिशनर किंवा पॅकिंगच बघावं लागतं.

मग स्टेप टेस्ट, म्हणजे इनपुट एकदम थोडा हलवून प्रतिसाद मोजायचा. कॉलम स्थिरावायला ३ तास, इनपुट ५, प्रत्येकी ८ स्टेप, सरासरी २ तासांची: म्हणजे ८० तास, मध्ये काही बिघडलं नाही तर. सगळ्या स्टेप सारख्या लांबीच्या नकोत, आणि प्रतिसाद नॉइजच्या वर स्पष्ट दिसला पाहिजे. ऑपरेटर तेवढी मोठी स्टेप देऊ देत नाही, हा रोजचा वाद.

खरी गोम गेन मॅट्रिक्समध्ये (कोणता इनपुट कोणत्या आउटपुटला किती हलवतो याचा तक्ता). पाठ्यपुस्तकातला उच्च शुद्धतेचा कॉलम घ्या: रिफ्लक्सचे गेन ०.८७८ आणि १.०८२, बॉइलअपचे (तळातून उठणारी वाफ) −०.८६४ आणि −१.०९६. रिलेटिव्ह गेन (लूप एकमेकांत किती गुंतलेत याचं माप) सुमारे ३५ येतो. म्हणजे एका गेनमध्ये ३ टक्क्यांच्या आतली चूकही मॅट्रिक्स सिंग्युलर (डिटरमिनंट शून्य) करते आणि त्यापलीकडे चिन्ह उलटतं. मग कंट्रोलर रिफ्लक्स आणि वाफ दोन्ही वाढवत सुटतो, ऑपरेटर तो बंद करतो. म्हणून मोजलेले गेन सिम्युलेशनशी ताडून जुळवून घेतात. दोन इनपुट खरंच एकाच दिशेने ढकलत असतील तर एक दिशा सोडून देतात.

तळचा_ट्रे:
आणि मशीन लर्निंगचा अनुभव किती धरतात? प्लांटच्या जुन्या डेटावरून मॉडेल शिकता आलं तर टेस्ट वाचेल ना?

स्टेप_टेस्ट:
इथेच बरेच जण फसतात. लूप चालू असताना तापमान सपाट असतं आणि वाफेचा व्हॉल्व्ह हलत असतो. रिग्रेशन म्हणतं, दोघांचा संबंध नाही! सेटपॉइंट मुद्दाम हलवलेला नसेल तर त्या डेटात मॉडेल शिकायला पुरेशी माहितीच नसते. सॉफ्ट सेन्सर (थेट न मोजलेली राशी इतर मापनांवरून काढणं), फॉल्ट ओळखणं यांसाठी मशीन लर्निंग उपयोगी आहे, तेवढं जरूर शिका.

मुलाखतीत मात्र कागद पुढे सरकवतात: कॉलम काढा, पाच व्हॉल्व्ह दाखवा. दाब आणि दोन लेव्हल कोणाला जोडाल, उरलेल्या दोन व्हॉल्व्हनी काय सांभाळाल, आणि रिफ्लक्स डिस्टिलेटच्या कितीतरी पट असेल तर ड्रमची लेव्हल कशावर? डिस्टिलेट म्हणालात की पुढचा प्रश्न येतो: एवढ्याशा प्रवाहाने एवढी लेव्हल कशी आवरणार?