चावी घ्यायच्या आधी गळतीचं काम करून घ्यायचा हक्क असतो का? (मुलुंड, लीव्ह अँड लायसन्स)

मुलुंड_नवीन
नमस्कार मंडळी, मुलुंड पूर्वेला वन बीएचके फायनल केलाय, भाडं 28 हजार, डिपॉझिट एक लाख, 10 हजार टोकन देऊन बसलोय. बघायला गेलो तेव्हा आधीच्या लोकांचं कपाट भिंतीला होतं, आता घर रिकामं झाल्यावर गेलो तर कपाटामागची अख्खी भिंत ओली, पोपडे सुटलेत, बोट लावलं की प्लास्टर हातात येतंय. बाथरूमच्या सिलिंगला पिवळे डाग आणि थेंब थेंब गळतंय, गिझरचा स्विच टाकला की चर्रर्र. ओनर म्हणतो आधी अ‍ॅग्रीमेंट करून टाका, 1 तारखेपासून भाडं चालू, मग सावकाश माणूस पाठवतो, हवं तर कलर मारून देतो. ब्रोकर त्याचीच री ओढतोय, "मॅडम मुंबईत एवढं लीकेज चालतंच". इकडचं घर महिनाअखेरीस सोडायचंय आणि घरात तान्हं बाळ. कामं करून द्यायला भाग पाडता येतं का, की आम्ही करून भाड्यातून कापायचे? टोकन परत मिळतं का?

दोन_महिने_फक्त
2021 चा मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट बघा, त्यात दोन महिन्यांच्या वर डिपॉझिटच घेता येत नाही, रिपेअरचं पण सगळं लिहिलंय, ओनरच्या तोंडावर मारा.

अंगठेवाला
वरच्या दादांनी मारायला सांगितलंय ते मारू नका 😄 तो केंद्राचा नमुना कायदा आहे, राज्याने स्वतःचा केल्याशिवाय इथे लागत नाही.

ताई, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून द्यायचंच काम करतो म्हणून सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याच्या कलम 14 मध्ये आहे की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, आणि 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून पैसे भाड्यातून वळते करू शकतो, तेही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. हे वाचून लोक खूश होतात, पण हे आहे भाडेकरूसाठी. पागडीवाले वगैरे. 11 महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स केलं की तुम्ही कायद्याच्या भाषेत लायसन्सी, म्हणजे नुसती राहायची परवानगी मिळालेले, भाडेकरू नाही, त्यामुळे या कलमावर विसंबून भाडं कापायला जाऊ नका, ओनर थकबाकी म्हणून डिपॉझिटमधून वळतं करेल आणि तुम्ही स्मॉल कॉजेस कोर्टात हेलपाटे घालत बसाल.

म्हणजे तुमचा हक्क अ‍ॅग्रीमेंटमध्ये जेवढा लिहाल तेवढाच, आणि आत्ता सही झालेली नाही म्हणून पारडं तुमच्याकडे आहे. रजिस्ट्रेशनला दोघांचे अंगठे लागले की संपलं. ड्राफ्ट आधी मागवा, त्यात कामं नावानिशी घाला (बेडरूमची ओल, बाथरूम सिलिंग, गिझर पॉइंट), कोणत्या तारखेपर्यंत ते घाला, आणि भाडं 1 तारखेपासून नाही तर काम होऊन चावी मिळाल्यापासून. नाही झालं तर टोकन आणि डिपॉझिट पूर्ण परत, लॉक-इन (ठरावीक महिने घर सोडायचं नाही ही अट) लागू नाही. फोटो जोडा. रजिस्ट्रेशन मात्र सोडू नका, कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी ओनरची आहे, आणि खर्च तरी किती, पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे तुमचे आठशेच्या आसपास, वर 1000 फी.

सेक्रेटरी_बळीचा_बकरा
मी पण भाड्याने देतो, सोसायटीचा सेक्रेटरी पण आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. कलर अजिबात मारून घेऊ नका! ओल आत असताना वरून मारलेला कलर एका पावसात फुगतो, मग तुम्ही घर खराब केलंत म्हणून डिपॉझिटमधून कापणार.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. वरचे गावाला गेलेत तरी थेंब चालूच असेल तर नळाची कन्सील्ड (भिंतीच्या आतली) लाइन. त्यांची अंघोळ झाली की वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) नाहीतर कोबा (फरशीखालचा थर) गेलाय, ट्रॅपला बोळा कोंबून पाणी साठवून ठेवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत खाली कळतं. वरच्यांच्या बाथरूममधलं असेल तर काम त्यांचं, बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून येत असेल तर सोसायटीचं. तुमचा ओनर म्हणूनच टाळत असणार, वरच्यांशी भांडण कोण घेणार. पण सोसायटीला अर्ज त्यालाच करावा लागेल, तुमच्या अर्जाला आम्ही विचारणार नाही, खरं सांगतो. आणि कोबा फोडून वॉटरप्रूफिंग करायचं तर आठवडा सहज जातो, महिनाअखेरीच्या भरवशावर राहू नका, आत्ताच्या घरी पंधरा दिवस वाढवून मिळतात का बघा.

गिझरचं आवाजाचं कारण कळेपर्यंत तो स्विच लावूच नका. आपला इलेक्ट्रिशियन न्या, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघायला सांगा. बाळ आहे ना घरात.

मुलुंड_नवीन
खूप धन्यवाद सगळ्यांना. ओनरला ड्राफ्ट पाठवला, चावीपासून भाडं हे कसंबसं मान्य केलं पण टोकन परतीचा मुद्दा काढा म्हणतो, "ते ब्रोकरकडे आहे, माझा संबंध नाही".

अंगठेवाला
यूपीआयने दिलंत ना? कोणाच्या खात्यात गेलंय ते बघा. ब्रोकरकडे असेल तर आजच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा की कोणाच्या वतीने घेतलेत, फोनवर नको. आणि ते उत्तर येईपर्यंत अंगठा लावायला जाऊ नका.