जनसुनावणीतील लेखी हरकतींसाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठी प्रस्तावित असलेल्या कोळशावरील वीज प्रकल्पाची जनसुनावणी जवळ आली आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना देणे आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध करणे बंधनकारक आहे. मात्र सविस्तर अहवाल इंग्रजीत आहे, आणि ओहोटीला कालवे व तिसऱ्या (खाडीतील खाण्याचे शिंपले) काढून घर चालवणाऱ्या आमच्या भगिनींकडे ना होडी, ना सातबारा, त्यामुळे बाधितांच्या यादीत त्यांची नोंदच नाही, हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते. प्रकल्पातून सुटणाऱ्या गरम पाण्याचा खाडीतील शिंपल्यांवर होणारा परिणाम आणि या भगिनींचे उत्पन्न लेखी हरकतीत कसे मांडावे? असा मसुदा पूर्वी कोणी केला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.