पबपासून पबपर्यंत: गावाभोवतीच्या पायवाटा आणि तुमचे अनुभव

इंग्लंडमध्ये गावातल्या पबपासून निघायचं, शेतं-जंगल फिरून पुन्हा त्याच दारात यायचं. अशा फेऱ्या ज्यांनी केल्यात, त्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

रेडिंगहून: मे महिन्यात बाबा साताऱ्याहून आले होते. चिल्टर्न टेकड्यांमधल्या टर्व्हिलला गेलो. 'बुल अँड बुचर' पबपासून निघालो, तर वर टेकडीवर पवनचक्की, आकाशात दुभंगल्या शेपटीच्या तांबड्या घारी. या घारी इथून पार नाहीशा झाल्या होत्या. 1989 पासून स्पेनहून पिल्लं आणून पुन्हा वसवल्या.

पुढे वाट दाखवणारा पिवळा बाण थेट उभ्या गव्हात शिरत होता. बाबा थबकले. "मालकाला विचारलंस का?" बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या पाहिलेला माणूस! मी सांगितलं, ही सार्वजनिक वाट आहे. पेरणीसाठी शेतकऱ्याने शेतामधली वाट नांगरली, तरी 14 दिवसांत त्याला ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. बाबांनी वाकून वाटेवरची माती चिमटीत घेतली, चुरली, आणि मग पिकाला धोतराचा सोगाही लागू न देता शेत पार केलं.

शेफिल्डहून: तुमच्या बाबांचा प्रश्न फार मोलाचा आहे. आमच्याकडे एडल गावातल्या 'ओल्ड नॅग्ज हेड' पबपासून अपर बूथपर्यंत जाऊन बार्बर बूथवरून परत येतो. सोपी वाट, मुलंही चालतात. उत्तरेला किंडर स्काउटचं पठार दिसतं. 24 एप्रिल 1932 ला शेकडो कामगार पोरं तिथे फिरण्यावरची बंदी मोडून त्यावर चढली. पाच जणांना तुरुंगवास झाला. माझ्या मुलीला मी ही गोष्ट तिथेच, फाटकावर बसवून सांगितली.

ब्रिस्टलहून: एकच सांगते, जेवणाची वेळ आधी फोन करून विचारा. आम्ही तीन वाजता भिजून पोहोचलो, तर स्वयंपाकघर बंद. मुलांनी चिप्सच्या पाकिटांवर भागवलं. आणि 1:25,000 प्रमाणाचा कागदी नकाशा जवळ ठेवाच. त्यात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. दरीत फोनला रेंज नसते.

लीड्सहून: वासरं असलेल्या गायींपासून लांबून जा. कुत्रा बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्याच, तर साखळी सोडून द्या, तो पळून सुटतो.

ऑक्सफर्डहून: माझी आई पबच्या दारातच अडली होती. "दारूच्या गुत्त्यात मी पाय ठेवणार नाही." मी आग्रह केला नाही, बागेतल्या बाकावर चहाची किटली मागवली. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी खुणेनंच आईला त्यांच्या कुत्र्याला थोपटायला बोलावलं. दोघी अर्धा तास कुत्र्याशीच बोलत होत्या, एक मराठीत, एक इंग्रजीत. परतताना आईनेच विचारलं, "पुढच्या रविवारी कुठल्या गावाला?"