मदत हवी आहे: अपंगत्वाच्या पेन्शनवर गृहकर्ज, बँक तोंडावर नाही म्हणते

पॉवरप्रेस_८२
जाणकारांनी लवकर सांगा, शुक्रवारपर्यंत बिल्डरला कळवायचंय. मला अपंगत्वाची पेन्शन आहे, थेट खात्यात येते, आजवर एक महिना चुकलेली नाही. वन बीएचके ठरवलाय, १८ लाख कर्ज पाहिजे. दोन बँका झाल्या. पहिलीत फॉर्मसुद्धा दिला नाही. दुसरीतल्या साहेबानं कागद चाळले आणि "हे उत्पन्न धरता येत नाही" म्हणून परत केले. का, ते विचारलं तर पुढच्या माणसाला बोलावलं. अपंगाला कर्ज द्यायचं नाही असा नियम आहे का? कुठली बँक देते तेवढंच सांगा. "हिंमत हरू नका" वगैरे नको, ते घरी रोज ऐकतो.

शेवग्याची_शेंग
पेन्शन कुठली, किती, तुमचं वय काय, घर कितीचं? सगळं झाकून ठेवून उत्तर मागताय.

निवांत_नाना
संजय गांधी निराधारचे पैसे असतील तर विसरा. ते अनुदान आहे, पेन्शन नव्हे. तहसीलला चकरा मारून मारून आमच्या मेव्हण्याच्या चपला झिजल्या, त्यावर कर्ज कोण देणार?

पॉवरप्रेस_८२
निराधार नाही हो नाना! ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची आहे. २०२३ ला प्रेस मशीनमध्ये डावा हात गेला. महिना १०,८०० येतात. वय ४१. फ्लॅट २० लाखांचा. अजून काय?

शेवग्याची_शेंग
८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता. १८ लाखांना १५,६२४. हप्ता पेन्शनपेक्षा मोठा! साहेबानं नाही म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

पॉवरप्रेस_८२
बायकोचा पगार आहे की.

शेवग्याची_शेंग
हे आत्ता सांगताय?

पॉवरप्रेस_८२
कर्ज मी घेतोय म्हणून नाही लिहिलं. १६,००० आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे ती, पगार बँकेत होतो.

सहकार_झिंदाबाद
मोठ्या बँकांच्या नादी लागू नका दादा. पतसंस्थेत जा, दोन जामीनदार न्या, आठ दिवसांत काम. माझं असंच झालं, कोणी मेडिकलचा कागद विचारला नाही.

शेवग्याची_शेंग
व्याज किती होतं ते पण लिहा ना.

सहकार_झिंदाबाद
१३ टक्के. पण माणुसकी आहे तिथं.

शेवग्याची_शेंग
१३ टक्क्यांनी २० वर्षांचा लाखाला ११७२ हप्ता बसतो. महिन्याला ३०० रुपये लाखामागे माणुसकीचे.

कोकणकन्या७१
घर बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. माझ्या भावानं तसंच केलं. आणि मी म्हणते घर घ्यायचंच कशाला, भाड्यानं राहा, डोक्याला ताप नाही.

पॉवरप्रेस_८२
भाड्याचं घर ११ महिन्यांनी बदलतो. दर वेळी तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. एका हातानं गॅसची टाकी चढवून बघा ताई.

कर्जखातं_निवृत्त
३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. आधी नियमाचं. असा नियम नाही, कायदा उलट आहे. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६, कलम १३: मालमत्ता बाळगण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क इतरांइतकाच. म्हणून हात नाही या कारणावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. पण उत्पन्न पटलं नाही म्हणून पाठवता येतं, आणि नाही म्हणायला तीच पळवाट सोयीची पडते.

उत्पन्न न पटायचं एक कारण असं की ईएसआयचा रोख लाभ, म्हणजे तुमची पेन्शन, दुसऱ्याच्या नावे लिहून देता येत नाही, त्यावर जप्तीही आणता येत नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्याचं कलम ६०. काही अधिकारी एवढं वाचूनच बिचकतात. माझ्या मते उगाच. हप्ता थकला तर बँक सरफेसीखाली, म्हणजे तारण जप्त करायच्या कायद्याखाली, घराकडे वळते, तुमच्या पेन्शनकडे नाही.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट. तुमचे टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या निर्णयात अंतिम लिहिलंय की तात्पुरतं?

पॉवरप्रेस_८२
६० टक्के लिहिलंय. बाकी सगळं इंग्रजीत आहे. आधी बँकेचं नाव सांगा ना काका.

कर्जखातं_निवृत्त
कागद वाचल्याशिवाय नाव सांगून काय उपयोग? तिसरा साहेब तेच म्हणेल.

डबलबेल
यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंत का? आणि कुणाला माहीत आहे का, नव्या स्मार्ट कार्डाशिवाय एसटीत सवलत चालते का? आमच्या डेपोत रोज भांडण.

निवांत_नाना
६० टक्के आहेत तर कार्ड मिळणारच.

कर्जखातं_निवृत्त
नाना, ते ६० टक्के कमावण्याच्या ताकदीतल्या घटीचे. यूडीआयडीवरचे टक्के अपंगत्वाचे, सरकारी रुग्णालयातून वेगळे मोजून येतात, जुळतीलच असं नाही. पूर्वीच्या आकड्यावर नव्या कार्डाची हमी देऊ नका.
कोकणकन्या, १ टक्का सूट घर फक्त बाईच्या नावावर असेल तरच. जोडीनं घेतलं की गेली. पण यांची पेन्शन धरायला हे सहकर्जदार लागतात, आणि सहकर्जदाराला मालक असावं लागत नाही. म्हणजे तुमची कल्पना टाकाऊ नाही. फक्त हात गमावलेल्या माणसाचं घर त्याच्याच नावावर नसावं का, ते त्यांनी ठरवावं.

कोकणकन्या७१
माझी कल्पना टाकाऊ नाही हे ऐकून बरं वाटलं.

सहकार_झिंदाबाद
एवढं कायदेकानून बघत बसलात तर घर म्हातारपणी होईल.

पॉवरप्रेस_८२
कागद मुलीकडून वाचून घेतला. प्रोव्हिजनल लिहिलंय. तीन वर्षं, मग पुन्हा तपासणी. तारीख चार महिन्यांवर आलीय. हे मला माहीत असायला पाहिजे होतं ना?

कर्जखातं_निवृत्त
बोर्ड झालं त्या दिवशी कोण कलमं वाचतं, सोडा ते. पण दुसरा साहेब यावरच अडला असणार. चार महिन्यांनी टक्के बदलू शकतात आणि कर्ज २० वर्षांचं. अंतिम निर्णय हातात आला की पेन्शन नीट धरली जाईल.

तोवर वहिनींना मुख्य अर्जदार करा. एकट्या १६,००० वर अर्धा हप्त्याला धरला तर ८,०००, म्हणजे साधारण ९ लाख. अंतिम कागद आला की दोघांचे २६,८०० धरून १३,४००, म्हणजे १५ लाखांच्या थोडं वर. १८ कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. एखादी बँक अर्ध्याहून जास्त धरेल, पण त्या हप्त्यावर जगता आलं पाहिजे.

लेखी अर्ज द्या. तोंडी नकाराची तक्रार करायची तर हातात काही लागत नाही. अर्ज फेटाळला तर बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

पॉवरप्रेस_८२
म्हणजे शुक्रवार गेला.

शेवग्याची_शेंग
टोकन दिलंय का हो बिल्डरला?

पॉवरप्रेस_८२
५१,०००.

कर्जखातं_निवृत्त
पावती?

पॉवरप्रेस_८२
वहीच्या पानावर सही आहे त्याची.

कर्जखातं_निवृत्त
अहो!! उद्या आधी तिथं जा. कंपनीच्या नावाची पावती घ्या, प्रकल्पाचा महारेरा नंबर (सरकारी नोंदणीचा) घ्या, मग बँक. मिळाला की इथं टाका.

डबलबेल
एसटीचं कुणीच सांगितलं नाही.