दरीत गेलेली जीप वर कशी काढलीत? अनुभव लिहा

पाऊस सरला की घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांवर जिपा निघतात आणि एखादी तरी घरंगळते. माणसं सुखरूप निघाली, पंचनामा झाला, विम्याचा सर्व्हेअर फोटो काढून गेला, की मागे उरतं चेपलेलं धूड आणि 'आपणच काढू रे' म्हणणारी मंडळी. क्रेन पोचत नाही अशा जागांचे अनुभव सांगा. बढाया चालतील, पण दोर कशाला बांधला होता तेही लिहा.

*

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला मित्राची जिप्सी कारवीत उलटी पडली होती. जिप्सी टनभराचीच, त्यामुळे जो तो हात लावायला पुढे. आमच्यातल्या एका जुन्या गिर्यारोहकाने मात्र तिच्या खालच्या बाजूला कुणालाच उभं राहू दिलं नाही. आधी आहे तिथेच जखडली: मागच्या अ‍ॅक्सलला पट्टा, पट्टा वरच्या जांभळीच्या बुंध्याला. पेट्रोलचा वास येत होता, म्हणून बॅटरीची वायर काढली.

वर थारची विंच, म्हणजे वायररोप गुंडाळून ओढणारं यंत्र. थारच्या चाकांपुढे दगड आणि तिच्या मागे दुसरी थार बांधलेली, नाहीतर खालची वर यायच्या ऐवजी वरचीच खाली जायची. सरळ ओढायला मधे कातळाची धार होती. म्हणून बाजूच्या झाडाला पुली लावून आधी तिरकी घेतली, मग वर. शेवटच्या चढाला पुली जिप्सीलाच अडकवून दोराचं टोक परत वर आणलं. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. वायररोपवर भिजवलेली घोंगडी टाकली होती. तुटलाच तर फटका उसळत नाही, तिथेच दबतो. दिवस मावळला तो ओढण्यात नव्हे, दोर सोडून पुन्हा बांधण्यात.

*

वरच्या दादांनी इंजिनाचं लिहिलं नाही. माझं गॅरेज आहे म्हणून सांगतो. उलट्या पडलेल्या गाडीत ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. गाडी वर आली रे आली की कुणीतरी हौशी चावी फिरवतो. ऑइल काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, इंजिन हाताने फिरवा, ऑइल बाहेर पडू द्या.

*

मस्कतला असतो. अल हमराहून डोंगर ओलांडून वादी बनी औफ या दरीत उतरणाऱ्या वाटेवर मित्राची पजेरो घसाऱ्यावरून खाली गेली. इथे जांभळी कुठली, झाडच नाही! शेवटी मोठ्या धोंड्याला पट्टा घातला आणि धारेवर कापू नये म्हणून खाली गाडीतली पायपुसणी. जुनी लँडक्रूझर घेऊन चाललेले एक ओमानी चाचा न विचारता थांबले आणि आमची दोराची गाठ बघून हसलेच. गाठ सोडायला लावली, स्वतःचं शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) दिलं. गाठीने दोर कमजोर होतो, आणि ताण बसल्यावर ती सुटतही नाही.

*

आम्ही काढलीच नाही, जागेवरच खोलली. वरंधकडची गोष्ट. दारं, चाकं, गिअरबॉक्स बांबूला बांधून गावातली पोरं वर घेऊन आली. चेसिस नंबरचा तुकडा वेगळा कापून ठेवायला सांगितला होता, नोंदणी रद्द करायला आरटीओत तो लागतो. पोरांनी तो गोणीत भंगाराबरोबर टाकला. मग भंगारवाल्याच्या दारात सगळ्या गोण्या उपसणं आलं. सापडला. गिअरबॉक्स मात्र विकला नाही, तो आता माझ्या दुसऱ्या जिपेत आहे.