'द सर्व्हायव्हर' बघितला, त्यातलं खरं किती?

परभणीचा_पैलवान
राम राम मंडळी. परवा रात्री मोबाईल टीव्हीला जोडून 'द सर्व्हायव्हर' लावला, सोबत आमचे आबा होते. आबा जुने पैलवान, जत्रेच्या फडात शेवटची जोड त्यांची लागायची, म्हणून मारामारीचा सिनेमा आहे चला बघू म्हणून मीच बसवलं. हॅरी हाफ्ट नावाचा ज्यू पोरगा, नाझी छावणीत त्याला दुसऱ्या कैद्यांशी लढायला लावतात, अन् जो पडेल त्याला मारून टाकतात. आबांना इंग्रजी कळत नाही, मी मधून मधून सांगत होतो, पण छावणीचे ते ब्लॅक अँड व्हाइट सीन आले तसं मलाच गप बस म्हणले, अन् अर्ध्यातून उठून अंगणात जाऊन बसले. सकाळी चहा घेताना एवढंच बोलले, "आपल्या फडात पडलेल्याला आधी उठवायचं, मग फेटा बांधून घ्यायचा." हे सगळं खरंच घडलं का वाढवून दाखवलंय? आणि आबांना पुढचं दाखवावं का? दोन दिवसांपासून तेच डोक्यात घोळायलंय.

जालन्याचा_वाचक
दादा, माणूस खरा आहे. पोलंडच्या बेल्खातूव गावचा, जन्म 1925 चा. नाझींच्या ऑशविट्झ छावणीच्या यावोर्झ्नो नावाच्या उपछावणीत होता, तिथं कोळशाची खाण होती. तिथल्या 76 लढती त्यानं सांगितल्यात, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, उघड्या मुठी. पुढं अमेरिकेत जाऊन प्रोफेशनल बॉक्सिंग केलं, 18 जुलै 1949 ला पुढं हेवीवेट वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या रॉकी मार्सियानोशी लढला अन् तिसऱ्या राउंडमधे नॉकआउट झाला. त्या लढतीआधी गुंडांनी ड्रेसिंग रूममधे येऊन हरायची धमकी दिली असं त्याचं म्हणणं होतं. नंतर बॉक्सिंग सोडून ब्रुकलिनमधे फळं-भाजीचं दुकान टाकलं. घरात मात्र या विषयावर अवाक्षर नाही, पोराला पूर्ण गोष्ट सांगितली ती थेट 2003 मधे, म्हणजे जवळपास साठ वर्षं पोटात ठेवली. मुलाचं पुस्तक 2006 ला आलं अन् पुढच्या वर्षी हॅरी गेला. सिनेमा त्याच पुस्तकावर आहे. माझे आजोबा रझाकारांच्या काळाबद्दल असेच शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, आम्ही पोरं विचारायचो अन् ते उठून गोठ्यात जायचे, म्हणून मला हॅरीपेक्षा त्याच्या पोराचंच जास्त लागलं.

लातूरची_लेक
या विषयावर आधी 1989 मधे 'ट्रायम्फ ऑफ द स्पिरिट' आलाय, तो सालामो अरूच नावाच्या ज्यू बॉक्सरवर. ग्रीसच्या थेसालोनिकीचा, बापासोबत बंदरावर हमाली करणारा. 1943 मधे कुटुंबासकट ऑशविट्झला नेलं, घरातले बहुतेक तिथंच संपले. दोनशेच्या वर लढती झाल्या असं तो सांगायचा. विलेम डफोनं त्याचं काम केलंय, अन् शूटिंग खुद्द ऑशविट्झच्या जागेवर झालंय. पण त्यावरून वाद झाला बरं का, तिथंच बॉक्सिंग करणाऱ्या जॅको राझोन नावाच्या दुसऱ्या ग्रीक ज्यूनं ही गोष्ट माझी आहे म्हणून दावा ठोकला. म्हणून आकडे जरा जपून घ्यावेत असं मला वाटतं, पण लढती झाल्या यात शंका नाही. तिसरा ट्युनिसचा व्हिक्टर पेरेझ, 1931 चा फ्लायवेट म्हणजे हलक्या वजनगटातला बॉक्सिंगचा वर्ल्ड चॅम्पियन. त्यालाही तिथं लढवलं, अन् जानेवारी 1945 मधे छावणी रिकामी करून कैद्यांना बर्फातून पायी चालवत नेलं त्यात त्याला गोळी घातली. ऑशविट्झ सुटायला फक्त काही दिवस राहिले होते हो.

रिंगच्या_कडेला
मी संभाजीनगरला पोरांना बॉक्सिंग शिकवतो. एका पोराचं वजन घटलं तरी मी त्याला रिंगमधे उतरू देत नाही, अन् इथं पाण्यासारखं सूप अन् पावाच्या तुकड्यावर दिवसभर खाणीत राबून मग लढायचं, वजनगट नाही, लढत थांबवायला टॉवेल टाकणारा कोच नाही. जिंकला तर जास्तीचं खायला, ते पण अंगात ताकद राहावी म्हणजे पुढच्या वेळी परत तमाशा बघता यावा म्हणून. सिनेमात हॅरी झालेल्या बेन फॉस्टरनं या रोलसाठी जवळपास 28 किलो वजन उतरवलं ते बघताना माझा घास अडकला होता. पैलवानदादा, आबांना जबरदस्ती करू नका, त्यांनी मागितला तर लावा.

परभणीचा_पैलवान
सगळ्यांचे आभार. आत्ता जेवताना आबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. 76 ऐकल्यावर हातातली भाकरी तशीच राहिली, मग म्हणले, "त्याच्या समोर जोडीला उभं केलेल्या पोरांची नावं कुणी लिहून ठेवलीत का रे?" मला काही सांगता आलं नाही. राहिलेला भाग उद्या लाव म्हणलेत. ताई, तो ग्रीसवाला सबटायटलसकट कुठं बघायला मिळंल तेवढं सांगा.