रॉडचं गणित मोटारीला लावू नका

एका दादांनी विचारलंय की व्होल्टेज भागिले करंट केलं की रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) येतो, मग पाण्याच्या मोटारीला ते गणित का जुळत नाय. आमच्याकडं तासगावला परवाच बघितलं, पाणी तापवायचा रॉड, त्यावर 1500 वॅट 230 व्होल्ट छापलेलं, म्हणजे करंट साधारण 6.5 अँपिअर आणि रेझिस्टन्स 35 ओहम. आता संध्याकाळी व्होल्टेज पडून 180 वर आलं तर रॉडचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच राहतो, करंट होतो 5.1 आणि पॉवर 180 गुणिले 5.1 म्हणजे 918 वॅट. व्होल्टेज पाव हिस्सा पण कमी झालं नाय आणि पॉवर गेली की हो 40 टक्क्यांच्या आसपास, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पडते. बादली तापत नाय म्हणून घरात बोलणी मात्र मला.

मोटारीचं उलटं. विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीची कॉईल मीटरवर 3 ओहम दाखवती, 230 ला भागलं तर 77 अँपिअर येतंय, पण चालताना घेती सातच्या आत, कारण फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करती. मोटारीची पॉवर काढताना पॉवर फॅक्टरनं (व्होल्टेज गुणिले करंटमधला खरा कामाला येणारा हिस्सा) पण गुणायचं. आणि व्होल्टेज पडलं की लोडवरची मोटार करंट जास्त ओढती, तिथंच वाइंडिंग (आतली कॉईल) जळतंय.